बिनखोबऱ्याचं घर

सर्वण, डिचोली
९ ऑगस्ट १९९८

संदीप,

आशीर्वाद आहेतच, ते भांडणाने कमी होत नाहीत. बाकी गोड काही आज लिहिणार नाही. राग अजून उतरलेला नाही.

गेल्या रविवारी तू कृष्णनाथाच्या दुकानात फोन केलास. बोलावलंस बायकोला, सुविधा आंघोळीला गेली होती म्हणून मी धावत आले. आणि तू काय म्हणालास? "बाबांना तुझ्या हुमणाने मारलंस, आता माझ्या पोराला तूप पाजून मारतेस." बहारीनहून बोलताना एवढं ओरडावं लागत नाही रे, तार आहे ना मध्ये! कृष्णनाथाने साखर बांधायची थांबवली. गिऱ्हाइकं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी फोन ठेवला, कारण ठेवला नसता तर मीही काहीतरी बोलले असते.

आता शांतपणे लिहिते. तुझे बाबा गेले तेव्हा तू सातवीत होतास. चाळिशीसुद्धा पुरी केली नव्हती त्यांनी. खाणीवर ट्रक लावून खाली उतरले आणि छातीवर हात ठेवून तिथेच बसले. तेव्हाच्या डॉक्टरांनी मला विचारलं, जेवणात काय असतं? मी सांगितलं, जे सगळ्या गोव्यात असतं ते, नारळाच्या दाट रसाचं हुमण आणि भात. ते म्हणाले, मग झालं, शिरा चोंदल्या. त्या दिवशी मी खोबरं किसायची आदोळी माळ्यावर टाकली. तेवीस वर्षं या घरात नारळ फुटला तो फक्त देवापुढे, आणि त्याची शकलंही शेजारी वाटली. बेसन लावून हुमण दाट करणारी बाई म्हणून सगळ्या सर्वणात माझी थट्टा झाली. माझी सख्खी बहीण म्हणायची, रुक्मिणीकडे जेवायला जायचं तर घरून जेवून जावं. ते सगळं मी तुझ्यासाठी केलं. आणि तूच मला हे ऐकवतोस.

साईशचं म्हणशील तर, तू गेल्या वर्षी सुट्टीला आलास तेव्हा पोराला दिवसातून किती वेळा आकडी येत होती ते तू बघितलंस. तीन तऱ्हेच्या गोळ्या झाल्या. पोर शाळेत बाकावरून पडायचं, म्हणून बाईंनी त्याला जमिनीवर चटई टाकून बसवलं. मुंबईच्या डॉक्टर बाईंनी आकडी थांबवायला हा आहार सांगितला. नव्वद टक्के चरबी. भात नाही, पाव नाही, साखर तर औषधातलीसुद्धा नाही. लोणी, तूप, साय, अंडं, चिमूटभर भाजी, आणि खोबरेल. होय, खोबरेल! मीच कुलेर भरून त्याच्या तोंडात घालते. सुविधा कामावर जाण्याआधी सोनाराच्या तराजूवर सगळं मोजून ठेवते, मी शिजवते. सकाळी त्याच्या लघवीत कागदाची पट्टी बुडवायची, ती जांभळी झाली म्हणजे आहार लागू पडला. मार्चपासून पट्टी जांभळी आहे. एप्रिलपासून आकडी नाही. पोर बाकावर बसतं.

मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. तुपाचा डबा उघडते तेव्हा तुझे बाबा आठवतात. पण भीती वाटते म्हणून पोराला परत चटईवर बसवायचं का? ते तू सांग.

तुझी आई

सर्वण
३० सप्टेंबर १९९८

संदीप,

पत्राला उत्तर नाही. ठीक आहे. सुविधाला फोन करून म्हणालास, आहार बंद करा नाहीतर डिसेंबरात येऊन पोराला इकडे घेऊन जातो. तिने मला सांगितलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली, घासलेलीच भांडी.

आहार बंद केला तर काय होतं ते चतुर्थीला बघायला मिळालं. आपल्या घरी मी बिनखोबऱ्याच्या नेवऱ्यासुद्धा केल्या नाहीत, पोराचं मन नको दुखवायला. पण आरतीला साईश कृष्णनाथाकडे गेला. कृष्णनाथाच्या बायकोने, चंद्रावतीने, त्याला सोप्यावर गाठलं. "सणाच्या दिसा पोराचें तोंड सुकें? एक नेवरी खाल्ल्यार कितें जाता गे?" असं मला नंतर म्हणाली. तोवर पोराने एक नाही, तीन खाल्ल्या होत्या. कुणाला दोष देऊ? ती गूळ-खोबऱ्याची नेवरी, आणि पोर सात वर्षांचं. संध्याकाळी आरतीच्या टाळांमध्ये तो पडला. चंद्रावती एवढी रडली की शेवटी मलाच तिची समजूत काढावी लागली. पट्टी परत जांभळी व्हायला चार दिवस गेले. तेव्हापासून ती आपल्या दारात येते तेव्हा रिकामे हात आधी दाखवते.

आता दुसरी गोष्ट, ती लपवून ठेवणार नाही. सहा महिने झाले म्हणून साईशचं रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल तीनशे चाळीस. सुविधाने मुंबईला फोन केला. डॉक्टर बाई म्हणाल्या, या आहारात वाढतं, पण एवढं वाढलं तर विचार करायला हवा. त्यांनी विचारलं, घरात कुणाला हृदयाचं काही होतं? सुविधाने बाबांचं सांगितलं. मग बाई म्हणाल्या, मुलाच्या वडिलांचं रक्त तपासा.

का, ते मला समजलं तसं लिहिते. पोराच्या रक्तातली चरबी दोन कारणांनी चढलेली असू शकते. एक, आपण पाजतो म्हणून. तसं असेल तर तेलं बदलून उतरेल. दुसरं, जन्मतःच घराण्यातून आलेलं. तसं असेल तर हा आहार त्याच्या रक्तवाहिन्यांना विष आहे आणि ताबडतोब सोडायला हवा, आकडी येवो न येवो. आहार सुरू करताना घाईत त्याचं रक्त कुणी तपासलं नव्हतं, म्हणून आता ताडून बघायला काही नाही. तुझ्या रक्तावरून अंदाज येईल.

तेव्हा भांडण बाजूला ठेव. तिकडे मोठमोठे दवाखाने आहेत असं तूच सांगतोस. सकाळी काही न खाता जायचं, बाटलीभर रक्त द्यायचं, कागद पाठवायचा. तुझ्या पोराचा आहार राहतो की जातो ते त्या कागदावर आहे.

आई

सर्वण
२२ नोव्हेंबर १९९८

संदीप,

दिवाळी गेली. तुझ्याकडून कागद आला नाही, निरोप आला. "मी लहानपणापासून खोबरं खाल्लेलं नाही. इथेही उकडलेली कोंबडी आणि खबूसची रोटी खातो. माझ्या रक्तात चरबी येईल कुठून? आधी पोराचं तूप बंद करा."

निरोप ऐकून मी हसले, मग रागावले, मग पटलंच मला ते. खरंच, तुला मी खोबऱ्याचा वाससुद्धा लागू दिला नाही. कुणाच्या लग्नात तू जेवायला बसलास तर पंगतीत तुझ्या पानाकडे बघत मी उभी असायची. असल्या माणसाचं रक्त कशाला तपासायचं? सुविधालाही मी तसंच म्हटलं.

देवाला विचारलं का, असं मनात येईल तुझ्या. विचारलं. देवळात मूर्तीला पाकळ्या चिकटवून कौल लावला. उजवी पाकळी झटकन पडली आणि मी नमस्कार करून घरी आले. सुविधा म्हणाली, प्रश्न काय केला होता? मी म्हटलं, आहार ठेवू की सोडू. ती म्हणाली, "अहो आई, मग उजवी म्हणजे ठेवू की सोडू?" आता देवाने काय करावं! परत जायची लाज वाटली.

गेल्या आठवड्यात आम्ही साईशला घेऊन मुंबईला गेलो. डॉक्टर बाई वयाने लहान आहेत, तुझ्याहून लहान, पण बोलतात समोरच्याला कळेल असं. त्यांनी साईशला तपासलं, आणि त्याचे मोजे काढून टाचांच्या मागे बोटांनी दाबून बघितलं. दोन्ही पायांना. मग हाताच्या बोटांचे सांधे. मी विचारलं, आकडीचं पोर, टाचा कसल्या बघता? त्या म्हणाल्या, "काही घराण्यांत चरबी जन्मतःच जास्त असते. ती टाचेमागच्या दोरीवर आणि बोटांच्या सांध्यांवर साठते. कडक गाठी होतात. याला नाहीत, पण लहान आहे. आजी, तुमच्या मालकांना होत्या का तसल्या गाठी?"

संदीप, हे नीट वाच.

माझं लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी मला पहिल्या दिवाळीला न्हाणीपाशी बसवून तुझ्या बाबांच्या टाचा दाखवल्या होत्या. "बघ, आमच्या घरच्या पुरुषांच्या या कष्टाच्या गाठी. याच्या बापाला होत्या, आज्याला होत्या. ज्याला येतात तो कुणापुढे हात पसरत नाही." दर नरकचतुर्दशीला तेल लावताना त्या गाठींना आधी हात लावून नमस्कार करायचा, अशी पद्धत होती घरात. मी केला. आणि तू सोळा-सतरा वर्षांचा असताना तुझ्या टाचेला तेल चोळताना मला पहिल्यांदा ती गाठ हाताला लागली तेव्हा मी काय केलं? मी पेढे वाटले. सगळ्या वाड्यावर सांगत फिरले, संदीप बापाच्या वळणावर गेला म्हणून!

मी डॉक्टर बाईंना सांगितलं, मालकांना होत्या, आणि मुलालाही आहेत. त्यांनी लिहिणं थांबवलं. म्हणाल्या, "मुलगा खातो काय?" मी म्हटलं, खोबरं कधीच नाही. त्या म्हणाल्या, "त्याचा फारसा संबंध नाही, आजी. लवकर तपासायला सांगा."

मी हे सगळं खालमानेने लिहीत नाही, घाईने लिहिते आहे. बूट काढ आणि बघ. मग रक्त दे. हट्ट करायला आणखी पुष्कळ गोष्टी आहेत.

आई

सर्वण
१४ फेब्रुवारी १९९९

संदीप,

डिसेंबरात आला नाहीस. पोराला न्यायला तरी येशील असं वाटलं होतं. तेवढ्यासाठी आला असतास तरी चाललं असतं, टाचा बघितल्या असत्या.

साईशचं सांगते. बापाचं दुखणं पोराला आलंच असेल असं नाही, म्हणून आहार सोडण्याआधी डॉक्टर बाईंनी तेलं बदलून बघितली. तूप आणि खोबरेल अगदी थोडं, त्याच्या जागी शेंगदाण्याचं तेल, आणि आठवड्यातून चार वेळा तारले मासे, त्यांच्याच तेलात. पोर पहिले दोन दिवस ताटाकडे बघून म्हणायचं, "आजये, माका भात जाय." तारले मी तिरफळं घालून करते, भाताशिवाय. आता मिटक्या मारतो. मासळीवाली म्हणते, तुमच्या घरात मांजर पाळलंय की नातू?

जानेवारीत परत रक्त तपासलं. तीनशे चाळीसवरून दोनशे पाच. सुविधाने कागद माझ्या हातात दिला आणि पदराने तोंड झाकून घेतलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, घराण्याचं दुखणं असतं तर नुसत्या तेलं बदलण्याने इतकं उतरलं नसतं. याला बहुतेक ते आलेलं नाही. बहुतेक म्हणाल्या, नक्की नाही म्हणाल्या. आहार सुटल्यावर पुन्हा बघणार.

त्याच्या मानेतल्या रक्तवाहिनीचं चित्रही काढलं, पडद्यावर. मी बघितलं. काळोखात एक नळी, प्रत्येक ठोक्याला जराशी फुगते आणि बसते. डॉक्टर बाई म्हणाल्या, ती आतून स्वच्छ आहे, काही साचलेलं नाही. पण या वयाच्या पोराची जितकी ताणली जावी तितकी ताणली जात नाही, किंचित ताठ वाटते. मी विचारलं, हे आहाराने झालं? त्या म्हणाल्या, असेल. मी विचारलं, आहार सुटल्यावर परत सैल होईल? त्या म्हणाल्या, "वाटतं होईल. पण आजी, खरं सांगते, हे अजून कुणालाच पुरतं माहीत नाही." मला त्यांचं ते बोलणं आवडलं. तेवीस वर्षांपूर्वीचे डॉक्टर असं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

मग आम्ही तिघांनी ठरवलं. ठरवलं म्हणजे सुविधाने ठरवलं, मी मान हलवली आणि साईशने तारले मागितले. दोन वर्षं पुरी होईपर्यंत, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत आहार चालू. दर तीन महिन्यांनी रक्त, सहा महिन्यांनी मानेचं चित्र. काही बिघडताना दिसलं तर त्याच दिवशी बंद. त्याच्या डोक्यातली वीज तोवर शांत राहिली तर पुढे राहण्याची आशा आहे. नेवऱ्यांनंतर एकही आकडी नाही. गेल्या सोमवारी त्याने शाळेत कवायतीत झेंडा धरला.

म्हणजे तुझ्या पोराचा निकाल तुझ्या कागदाशिवाय लागला. आता कागद त्याच्यासाठी मागत नाही.

आई

सर्वण
२ मे १९९९

संदीप,

पाकीट मिळालं. सुविधाच्या नावाने पाठवलंस, आत चिठ्ठी नाही, नुसता कागद. चारशे बारा. उकडलेली कोंबडी खाऊन चारशे बारा.

सुविधाने तो मुंबईला वाचून दाखवला. डॉक्टर बाईंचा निरोप असा: हे जन्मापासूनचं आहे. गोळी आजपासून सुरू करायची, ती आयुष्यभर. पट्ट्यावर चालवून हृदयाचा करतात तो तपास पहिल्या आठवड्यात. सिगारेट बंद. चढ चढताना छातीत, जबड्यात, डाव्या हातात काही वाटलं तर काम टाकून दवाखान्यात. हे सगळं सुविधा तुला फोनवर सांगणारच आहे, मी लिहून ठेवते म्हणजे तू ऐकलं नाही असं म्हणायला नको.

मग त्यांनी मला फोनवर बोलावलं. म्हणाल्या, "आजी, तुमच्या मुलाने तुम्हाला काय म्हटलं होतं ते सुविधाने मला सांगितलंय. तुमच्या मालकांना तुमच्या खोबऱ्याने मारलं नाही. ते हे घेऊनच जन्मले होते. तुम्ही काहीही शिजवलं असतं तरी फार फरक पडला नसता." कृष्णनाथाच्या दुकानातच होतो आम्ही. बाजूला चंद्रावती होती. तिने ऐकलं आणि माझा हात धरून म्हणाली, "सुटलें गो तूं, रुक्मिणी." सुविधाही रडत होती आणि हसत होती. सगळ्यांना वाटलं मी आता डोळे पुसणार आणि देवाला हात जोडणार.

मला तसं काही झालं नाही. मला राग आला. घरी येऊन न्हाणीत पाणी सोडून बसले आणि रडले, ते सुटले म्हणून नव्हे.

तू त्या दिवशी ओरडलास ते नऊ महिने माझ्या छातीत रुतून होतं. भात जेवताना तेच, झोपताना तेच. आणि तरी त्यात एक बरं होतं, ते मला आता कळतंय. माझ्या हुमणाने ते गेले असते, तर ती गोष्ट माझ्या हातातली होती. मी नारळ बंद केला, म्हणजे तुझं संकट संपलं. त्या भरवशावर मी तुला वाढवलं, परदेशी जाऊ दिलं, तुझ्या अबोल्यावर रुसून बसले. आता म्हणतात की हुमणाचा काही संबंध नव्हता. मग मी तुला कशापासून वाचवलं? तुझ्या रक्ताला मी कुठल्या माळ्यावर टाकू?

तू तुझ्या पोरासाठी माझ्यावर ओरडलास, ते बरोबर केलंस. बापाने ओरडावंच. आता मी माझ्या पोरासाठी ओरडते आहे. पुढच्या महिन्यात तुला छत्तिसावं लागेल. तुझ्या बाबांना कुणी गोळी दिली नाही, कारण तेव्हा ती नव्हती. तुझ्यासाठी आहे. ती घे. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण गोळी घे. सुविधाशी बोल, तिला सांग घेतली म्हणून, ती मला सांगेल.

आणि त्या दिवशी जे म्हणालास ते तुला पुन्हा म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. रोज फोन करून म्हण, सगळ्या दुकानाला ऐकू येईल असं म्हण. ते खरं ठरलं असतं तर मी आज देवापुढे नाचले असते रे, संदीप. मीच मारलं असतं, आणि तू सुटला असतास.

आई